चिमटीनं निवडलेलं पॅड

गाड्या पॉलिश करणाऱ्या गॅरेजात शिरलेला माणूस आधी मशीनकडे बघतो, मग बाटल्यांकडे. कंपाउंड, म्हणजे घासायचा लेप, कुठला, महाग आहे का, वास कसला येतोय, सगळ्या चौकशा होतात. भिंतीवर खुंट्यांना लटकवलेल्या फोमच्या गोल पॅडांकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही. भांडी घासायचा स्पंज जरा अंगानं भरला, एवढीच त्यांची किंमत. आणि गाडीच्या रंगाचं जे काही भलंबुरं होतं ते याच पॅडांच्या हातून होतं. मशीन नुसतं फिरतं, लेप नुसता पसरतो. रंगाच्या अंगाला लागतं ते पॅड.

हे शहाणपण माझं नाही, चिमटीचं आहे. आमच्या कामगार संघटनेची खोली तिच्या दिराच्या गॅरेजला चिकटून. मधली भिंत अशी की पलीकडे कोणी शिंकलं तर आम्ही इकडून ‘जपा’ म्हणावं. तिचं मशीन मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. मशीनचा सूर बदलला की मला खुर्चीत बसून कळतं, बाई आता दाराच्या कडेला आल्या, हात हलका केला.

चिमटी म्हणतात ते तिच्या सवयीमुळे. पॅड हातात आलं की आधी चिमटीत धरून दाबायचं, सोडायचं, किती झटकन फुगून वर येतंय ते बघायचं, मग त्यावरून अंगठा ओढायचा. एवढं झालं की निकाल. हे रंग कापेल. हे चमक आणेल. हे नुसतं गोंजारेल. निकालावर अपील नाही.

ती या कामात सीटच्या बाजूनं शिरली. नवरा गॅरेजच्या एका कोपऱ्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो. अख्खी गल्ली त्याला मास्तर म्हणते. बोलणं कमी, तोंडात कायम दोऱ्याचं टोक. ही त्याला फोम कापून द्यायला यायची. मशीन तेव्हा दीर चालवायचा. मग एका थंडीत दिरानं मशीन तिच्यापुढे धरलं आणि म्हणाला, “वहिनी, जरा एवढं दार घेता का, मी गल्ल्यावरचं गिऱ्हाईक बघून येतो.” तो गल्ल्यावर जाऊन बसला तो बसलाच. आम्ही चेष्टा केली, शेठ झाले म्हणून. तेव्हापासून गॅरेजात त्याचं नाव शेठ आणि मशीन चिमटीचं.

आणि तिनं ते असं चालवलं की लांबलांबच्या गाड्या यायला लागल्या. रंगावर जो पारदर्शक थर असतो त्याला ती साय म्हणते. धुताना, पुसताना, मुलांनी दप्तर घासताना जे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे पडतात ते या सायीत असतात. ते घालवायचे तर साय थोडी खरवडावीच लागते. आणि साय एकदाच धरलेली असते. खरवडली ती गेली, दुसऱ्या दिवशी परत धरत नाही. म्हणून तिचा नियम, आधी सगळ्यात मऊ पॅड. कोपऱ्यात चौकोन आखायचा, मऊ पॅडानं घासून बघायचं, भागलं तर तिथंच थांबायचं. नाहीच भागलं तर एक पायरी कडक. खाली पडलेलं पॅड धुतल्याशिवाय गाडीला लावायचं नाही, मग ते पडताना कोणी बघितलेलं असो वा नसो.

आणि सगळ्यात मोठा नियम, जो ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, “रंगावर जाऊ नका!” पॅडं रंगीत असतात. लोकांना वाटतं पिवळं म्हणजे कडक, काळं म्हणजे मऊ, झालं, पाठ केलं की कारागीर. पण एका कंपनीचं काळं लोण्यासारखं असतं आणि दुसरीचं काळं कातडं सोलतं. “कंपन्या काय एकमेकींना विचारून रंग ठरवतात?” ती म्हणायची. “डोळे मिटा आणि दाबा. बोट खोटं बोलत नाही.”

गेल्या थंडीत तिच्या बोटांनी बोलणंच सोडलं.

हे आम्हाला उशिरा कळलं. तिला आधी कळलं होतं, पण ती सांगणाऱ्यातली नाही. सकाळी बोटं पांढरीफटक पडायची, पेरापासून वर, जशी कोणी खडूत बुडवलीत. मग मुंग्या, मग ठणका, मग काहीच नाही. पॅडं धुवायला गार पाण्यात हात घालावा लागतो, त्यानं होतं, असं तिनं स्वतःला सांगून टाकलं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागली. मास्तरच्या शर्टाचं बटण लावायचं तर म्हणायची, “तुमचं तुम्ही शिवा, टेलर आहात ना?” आम्ही हसलो. हसलोच आम्ही.

तेवढ्यात एलबाई आल्या. एलबाई म्हणजे आमच्या भागातल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीण, शिक्षिका, सगळं एकटीच. शिकाऊ गाडीवरचा लाल ‘एल’ त्यांच्या कपाळावरच लिहिलाय असं लोक म्हणतात. गाडी एकच, गर्द निळी. निम्मं गाव ती भिंतीला, कुंपणाला आणि दुसऱ्यांच्या गाड्यांना घासून चालवायला शिकलं.

“समोर नवी शाळा उघडलीय,” एलबाई चिमटीला म्हणाल्या. “त्यांच्या गाड्या आरशासारख्या. माझी बघून माणूस म्हणतो, इथं शिकलं की हे असं होतं. परवा एक जण चौकशी करून गेला आणि समोर नाव घालून आला. माझ्या डोळ्यांदेखत!”

“त्याला चालवायला यायचं नाही,” चिमटी म्हणाली.

“यायचं नाही ते नंतर. पैसे तर गेले ना?”

चिमटीनं जाडी मोजायचं छोटं यंत्र दारांना लावून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. आधी कोणीतरी कडक पॅडानं चमकवून दिलेली होती. साय नावाला उरली होती. “उरलेली साय गेली तर खाली उघडा रंग लागेल, मग अख्खं दार रंगवायचं. गाडी किती दिवस अडकेल सांगता येत नाही.”

“गाडी अडकली तर शाळा बंद. मी काय खुर्चीवर बसवून गियर शिकवू?”

“म्हणून मऊनं करणार. खोल आहेत ते ओरखडे राहतील. चालेल?”

“राहू देत. ते माझ्या विद्यार्थ्यांच्या सह्या आहेत.”

कोपऱ्यातला चौकोन जुन्या काळ्या पॅडानं छान उतरला. पण ते पॅड शेवटच्या घटकेला आलं होतं, मधे खड्डा पडलेला. नेहमीचा माल मिळाला नाही म्हणून शेठनं दुसऱ्या कंपनीचं खोकं आणलं होतं. त्यातही काळी, पिवळी, लाल पॅडं होती. चिमटीनं खोकं उघडलं, काळं उचललं, मशीनला चिकटवलं आणि पुढचं दार घेतलं.

भिंतीपलीकडे मी बसले होते. मशीनचा आवाज नेहमीचाच वाटला.

दुपारी गाडी उन्हात काढली आणि गॅरेजात एकदम शांत झालं. मी बघायला गेले. दार चमकत होतं, पण चमकेवर धुकं. आरशावर कोणी उच्छ्वास टाकावा आणि तो जाऊच नये, तसं. उन्हात वाकून बघितलं तर बारीक बारीक रेघांचं जाळं, आधी होतं त्याहून दाट.

शेठनं नव्या मालाच्या नावानं शिव्या घालायला सुरुवात केली. मास्तर मात्र शिवण सोडून उठला. मशीनवरचं पॅड त्यानं अंगठ्यानं दाबलं. आयुष्य फोममध्ये गेलेला माणूस. कोणाच्या कमरेला काय लागेल हे त्याला दाबल्याबरोबर कळतं.

“हे तू लावलंस?”

“मग काय भुतानं लावलं?”

“कडक आहे गं हे.”

“काळं आहे,” चिमटी म्हणाली.

मास्तरनं दोऱ्याचं टोक तोंडातून काढलं. काळं आहे. तिच्या तोंडून! तिसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर तिनं त्याला गल्लीच्या टोकापर्यंत हाकललं असतं. तिलाही ते म्हणून झाल्यावर ऐकू आलं असावं. ती फोमच्या गठ्ठ्यावर बसली.

मास्तरनं तिचा हात हातात घेतला. आमच्यासमोर त्यानं असं कधी केलेलं मी बघितलं नव्हतं. “कधीपासून?”

“गार पाण्यानं होतं.”

“मी विचारलं कधीपासून.”

शेठ जवळ आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, “सकाळी जास्त होतं ना वहिनी? आधी मधलं आणि करंगळीशेजारचं. मग मुंग्या येतात, बोट आपलं वाटतच नाही.”

चिमटीनं मान वर केली. “भाऊजी, तुम्हाला कसं माहीत?”

शेठनं हात खिशात घातले.

“मी कोणाला सांगितलं नाही. यांनाही नाही. तुम्हाला कसं माहीत, आधी कुठलं बोट जातं ते?”

“माझीही जायची,” शेठ म्हणाला. “मशीन माझ्याकडे होतं तेव्हा. सोडलं, मग हळूहळू बरं झालं.”

“आणि सोडलं ते कोणाच्या हातात दिलंत?”

त्याच्याकडे बघवत नव्हतं, पण मी बघत राहिले. असल्या वेळी लोक मान वळवतात आणि म्हणून असली माणसं सुटतात. तो म्हणाला, त्याला वाटलं त्याचंच रक्त कमजोर. वहिनींचे हात लहानपणापासून कामाला सरावलेले. त्यांना काही होणार नाही.

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, हे मशीनच्या हादऱ्यानं होतं, दगड फोडणाऱ्यांना होतं, झाडं कापणाऱ्यांना होतं, जगभर माहीत आहे, आणि तुला स्वतःच्या बोटांवरून माहीत होतं. तक्रार देते, भरपाई वसूल करते, तुझं शटर—

“तू गप गं,” चिमटी म्हणाली. “हे माझ्या घरातलं आहे.”

“घरातलं नाही, कामावरचं आहे.”

“तेही माझंच आहे. आरडाओरडा करून माझं काम आणि माझं भांडण दोन्ही नेऊ नकोस.”

मी गप्प बसले. सहसा बसत नाही.

मग ती शेठकडे वळली, आवाज न चढवता. तिचा आवाज चढला नाही की जास्त भीती वाटते. “मला सांगितलं असतंत, तरी मी मशीन धरलं असतं. मला ते काम आवडलं होतं. पण थोडं थोडं धरलं असतं. हातमोजे मागितले असते. मधे थांबले असते. थांबायचं असतं हेच मला माहीत नव्हतं, भाऊजी.”

मास्तर भावाकडे बघत नव्हता. त्यानं गाडीवर कापड टाकलं, शटर ओढलं आणि बायकोला घेऊन दवाखान्यात गेला.

डॉक्टरांनी फार गोड बोलण्यात वेळ घालवला नाही. हादऱ्यानं बोटांच्या नसा आणि रक्तवाहिन्या दुखावल्यात. मशीन बंद केलं तर काही परत येईल, काही येणार नाही. किती, ते आता कोणी सांगू शकत नाही. बाहेर आल्यावर ती मास्तरला म्हणाली, “मग मी आता काय? तुम्हाला फोम कापून देऊ पुन्हा?” मास्तर म्हणाला, “तू फोम वाकडा कापायचीस.” तिथंच, दवाखान्याच्या पायरीवर, ती हसता हसता रडली. हे तिनंच मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी धुकं धरलेलं दार तसंच समोर. जाडी पुन्हा मोजली. एकदा पुसून काढण्याइतकी साय होती, दोनदा नाही. पॅड चुकलं तर एलबाईंचं दार गेलं. शेठ म्हणाला, दुसरीकडे पाठवू. चिमटीनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं वाक्य अर्ध्यात गिळलं.

तिनं खोकं मास्तरपुढे ठेवलं. “दाबून सांगा.”

मास्तरनं एकेक दाबलं. “हे ट्रकवाल्याचं. हे नव्या नवरदेवाचं, टुणकन उडतंय. आणि हे लाल, हे आजोबांच्या पाठीचं. सगळ्यात मऊ हे.”

“मऊ आहे ते तुम्ही सांगितलंत. चावतं का ते कसं कळणार? उशी मऊ असते हो, पण खोळ गोणपाटाची असली तर गाल सोलून निघतो.”

“मग?”

लाल पॅड उचलून तिनं गालावरून ओढलं. डोळे मिटले. पुन्हा ओढलं. मग पॅड कानाशी नेलं आणि नखानं खरवडलं. काळं घेतलं, तेही खरवडलं.

“काळं बोलतंय,” ती म्हणाली. “खर्र, खर्र. भोकं मोठी आहेत. लाल गप्प आहे.”

मला खरवडून दाखवलं. मला दोन्ही सारखीच वाटली. मास्तरला काळ्याचा आवाज आला, लालचा नाही. शेठनं ‘आला’ म्हटलं, पण त्याच्या म्हणण्याला त्या दिवशी काही अर्थ नव्हता.

तिनं गालावर आणि कानावर लगेच भरवसा टाकला नाही. सरावासाठी ठेवलेल्या जुन्या बॉनेटवर आधी लाल लावायचं ठरवलं. बॉनेटही निळंच होतं. काळ्यानं मुद्दाम एक धुक्याचा पट्टा पाडायचा, मग लालनं तो जातो का बघायचं.

“मशीन कोण धरणार?” मास्तरनं विचारलं.

चिमटीनं मशीन उचललं आणि दिरापुढे धरलं. “धरा.”

“मला आता सवय नाही वहिनी.”

“मलाही नव्हती.”

शेठनं मशीन धरलं.

पट्टा निघाला. मग गाडीच्या दाराला तळाशी, कोणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी, चौकोन आखला. तिनं पॅडावर लेपाचे थेंब टाकले, किती ते स्वतः बघून. शेठ वाकला. ती त्याच्या कोपराशी उभी. “दाबू नका. वजन मशीनचं पुरे. कड आली, उचला. उचला म्हटलं ना!” भिंतीपलीकडून मी ज्या सुराला ओळखत होते, तो आता दुसऱ्याच्या हातून येत होता, आणि ती त्याला ओढून ओढून आपल्या सुरावर आणत होती. दर थोड्या वेळानं पॅड काढायला लावायची, ब्रशनं झाडायची, गालाला लावून किती तापलंय ते बघायची. गालावर निळसर लेप लागला होता. पुसून घे म्हटलं तर म्हणाली, “असू दे, मेकअप.”

धुकं गेलं. साय राहिली. खोल ओरखडे होते तिथंच होते.

एलबाई आल्या, दारात स्वतःला बघून केस सारखे केले. “माझं वय दिसतंय यात,” म्हणाल्या. “म्हणजे काम चांगलं झालंय.” आणि मग चिमटीचं तोंड बघून, “काय गं, बरं नाही का?” चिमटीनं सांगितलं, सगळं, लपवलं नाही, काळं पॅड लावलं तेही. एलबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझ्या गाडीला ब्रेक माझ्या पायाखालीही असतो. चालवतो शिकाऊ, पण थांबवते मी. तुझ्या मशीनचा स्विच कुठाय?”

त्याच आठवड्यात मशीनची वायर बदलली गेली. स्विचबोर्ड भिंतीवरून खाली, उभ्या माणसाच्या हाताशी आला. मास्तरनं जाड फोम आत घालून हातमोजे शिवले. असल्या मोज्यांनी फार फरक पडत नाही, हे मी वाचलं आहे आणि सांगितलंही. तो म्हणाला, मग कशानं पडतो ते आणायला लावा. म्हणून आता कमी हादरणारं नवं मशीन शेठच्या मागं लागून मागवलंय. मागं मी लागलेय, आणि यात मी चिमटीचं ऐकणार नाही, हे तिला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, “लाग. फक्त दोघांच्या नावानं लाग. बोटं त्याचीही गेली होती.” हे मला पटलं नाही. माझ्या मते त्याला माहीत होतं आणि तिला नव्हतं, हा फरक पुसता येत नाही. त्यावर आमचं अजून भांडण चालू आहे.

बोटांत थोडं परत आलंय. गरम-गार कळतं, सुई कळत नाही. पॅड ती गालानं आणि कानानं निवडते. एकदा चुकली, चौकोनातच लक्षात आलं, बदललं. मशीन स्वतः धरते ते अगदी थोडं, नवा चौकोन आखला की पहिला हात तिचा. बाकी शेठ.

काल मी गेले तेव्हा एका काळ्या गाडीचं छत चाललं होतं. शेठ घामाघूम, छत अर्धं राहिलेलं, गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं. चिमटीनं हात लांब करून स्विच बंद केला.

“वहिनी, एवढं संपवतो ना. चांगली लय लागलीय.”

“लय लागलीय म्हणूनच.”

“ते उभे आहेत हो बाहेर.”

“उभे राहू देत.” तिनं मशीन त्याच्या हातातून काढून खाली ठेवलं. “हात दाखवा.”

शेठनं उजवा हात पुढे केला.

“दोन्ही,” ती म्हणाली, आणि त्याला उजेडाकडे वळवून एकेक बोट बघायला लागली.